पेरूच्या बागेचं फाटक

जगात जे काही आहे ते एक तर देवाच्या बाजूचं आहे नाही तर सैतानाच्या, मधे उभं राहायला वीतभरसुद्धा जागा नाही, असं मानणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण सकाळी डोळे उघडल्यापासून ते मिटेपर्यंत खरोखर तसं जगणारा माणूस एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरवताना ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. लग्नानंतर शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या त्यांच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली काळा लांब कोट घातलेली एक उंच, वाळकी मूर्ती उभी होती. डोक्यावर सोलाची हॅट, हॅटखाली धारदार नाक आणि नाकाखाली दोन्ही बाजूंना सारख्या कातरलेल्या मिशा. त्यांनी मला सलाम केला, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पेरू आवडतात की द्राक्षं?" नाशिकच्या माणसाने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी म्हणालो, "दोन्ही." मामा मामींकडे वळून म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण कच्चा आहे." पेरू देवाकडचा, कारण तो बाहेरून जसा दिसतो तसाच आतून असतो, आणि द्राक्ष संशयित, कारण त्याची दारू होते, हे मला पुढे कळलं. मी धीर करून विचारलं, "मग प्रभुभोजनातल्या द्राक्षारसाचं काय?" मामा गंभीरपणे म्हणाले, "म्हणून तर संशयित म्हणतो. नाही तर गुन्हेगार म्हटलं असतं."

ही वाटणी करण्याचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं आणि त्यात ते सुट्टी घेत नसत. चूल देवाची, स्टोव्ह सैतानाचा, का, तर "त्याचा आवाज ऐका." टांगा देवाचा, मोटार सैतानाची, पण डॉक्टरची मोटार माफ. चहा पहिल्या कपापर्यंत देवाचा. गोदावरी देवाची, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. वस्तीतल्या कुणीतरी एकदा टोकलं, की ते तर दुसऱ्या लोकांचं तीर्थ आहे. त्यावर मामा संतापून म्हणाले, "नदी कुणी केली? मग तिच्यात कोण उतरतं याची चौकशी तुम्ही कोण करणार?" मामींचं एक करडं मांजर होतं. ते उंदीर मारायचं, म्हणजे चांगलं. पण मारण्याआधी त्याच्याशी खेळायचं, म्हणजे वाईट. मामांनी चष्मा लावून पुष्कळ दिवस त्या मांजरावर पाळत ठेवली आणि शेवटी थकून जाहीर केलं, "मांजराचा निकाल राखून ठेवला आहे." मामी कमी बोलत. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला कळवते."

पण हसण्यावारी नेण्यासारखा हा माणूस नव्हता. शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते आणि रविवारच्या शाळेत लहान मुलांना भिंतीवर चित्रं पाडणारा जादूचा कंदील दाखवून शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगायचे. काचेवरची ती सगळी चित्रं त्यांनी स्वतः रंगवलेली. पाळकसाहेबांच्या उपदेशात जांभया देणारी पोरं मामांच्या कंदिलापुढे मात्र हूं की चूं करत नसत. खोट्या वजनाचा वाणी, आजाऱ्याला पाणी देणारी म्हातारी, भुकेल्याला दार लावणारा सावकार, असली माणसं ते स्वतःच्या मनाने गोष्टीत घुसवायचे, आणि प्रत्येक काच सरकवताना विचारायचे, "हा कुणाकडचा?" मुलं ओरडायची, "देवाकडचा!" किंवा "सैतानाकडचा!" मुलांनी चूक उत्तर दिलं तर मामांना त्या रात्री झोप लागायची नाही. लहानपणी ज्याला चांगलं-वाईट ओळखता आलं नाही, त्याला मोठेपणी कुणी ओळख करून देत नाही, असं ते कळवळून सांगायचे. तेव्हा त्यांचा आवाज कापायचा आणि आपणही थोडे सरळ बसायचो.

सैतानाच्या यादीत सगळ्यात वरचा मान सिनेमाला होता. अंधारात बसून परक्या माणसांचे रुसवे-फुगवे पाहणं म्हणजे चोरून दुसऱ्याच्या खिडकीत डोकावणं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि नेमकं त्यांच्याच पोटच्या एकुलत्या एका मुलीने, एस्तेरने, फिरत्या तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या मुलाशी लग्न करायचं म्हटलं. मुलगा आपल्यातलाच, मनमाडकडचा, देवाला भिणारा, सुपारीचंही व्यसन नसलेला. पण मामांना त्याच्या हातातलं हँडल तेवढं दिसलं. "सैतानाचा दिवा पेटता ठेवणाऱ्याच्या घरात माझी मुलगी जाणार नाही," ते म्हणाले. एस्तेर त्यांचीच लेक. ती म्हणाली, "त्याच्या घरात जाईन, नाही तर कुणाच्याच नाही." लग्न तिकडे मनमाडला झालं. त्यासाठी ती निघाली त्या दिवशी टांगा दाराशी आला तेव्हा मामा अंगणाच्या फाटकात उभे राहिले आणि ती बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने फाटक लावलं. "जे झालं ते झालं. आता या फाटकातून आत यायचं नाही," असं म्हणून टांगा दिसेनासा होईपर्यंत ते तिथेच ताठ उभे होते. मी आणि माझी बायको तिथे होतो. मामी चुलीपाशी होत्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. पुढे एस्तेर नाशिकला आली की आमच्याकडे उतरायची, मामींना देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) भेटायची, पण ती त्या रस्त्यानेसुद्धा गेली नाही. तिला मुलगी झाली तेव्हा मी ती बातमी मामांना सांगितली. त्यांनी "देवाची कृपा" म्हटलं आणि पेरूवरच्या पाखरांना हाकलायला उठून गेले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तोच तंबू गोदावरीपलीकडच्या मैदानात पडला. एके संध्याकाळी मामा हॅट घालून आमच्या दारात हजर. म्हणाले, "शत्रूची छावणी एकदा आतून पाहिली पाहिजे. चला." सिनेमाविरुद्ध रविवारी बोलायचं आहे, असं कारण त्यांनी सांगितलं. दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तंबूत ते बाकावर ताठ बसले, हॅट मांडीवर, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत. मुख्य खेळाच्या आधी एक छोटं चित्र होतं आणि त्यात माणसं नव्हतीच. हाताने काढलेली चित्रंच चालत होती, पळत होती. कोट घातलेला एक लांडगा एका कोकराच्या मागे लागला होता. बाजूला पेटीवाला भराभर सूर बदलत होता. लोक हसायला लागले तसा मामांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. लांडगा रस्ता दाबायच्या रुळाखाली सापडून पापडासारखा चपटा झाला, उठला, कोट झटकला आणि पुन्हा कोकरामागे धावला. माझ्या शेजारून एक चमत्कारिक आवाज आला. मी घाबरून पाहिलं, तर मामा हसत होते. मी त्यांना त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. त्या कामाचा त्यांच्या चेहऱ्याला सरावच नसावा, कारण हसताना ते दुखणाऱ्या माणसासारखे दिसत होते.

मुख्य खेळ सुरू होण्याआधीच त्यांनी मला बाहेर काढलं. नदी ओलांडेपर्यंत ते भराभर चालत होते. मग एकदम थांबून म्हणाले, "चपटा झाला, पण मेला नाही. हे धर्माला धरून आहे. दुष्टाई अशीच असते, कोट झटकते आणि पुन्हा येते. आणि ते कोकरू! आपल्याला कोण वाचवतंय याचा त्याला पत्ताही नव्हता. याला कृपा म्हणतात. हे मी उभं आयुष्य काचा सरकवून सांगतोय आणि या लोकांनी दोन घटकांत सांगितलं." मी म्हणालो, "पण सिनेमा सैतानाचा ना?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "नटनट्यांना देह असतो, देहाला मोह असतो. शाईला कसला देह? चित्राला पाप लागत नाही." थोडं चालल्यावर ते दुसरीकडे बघत म्हणाले, "ते मशीन फिरवणारा जो कुणी होता, त्याचा हात मात्र एकसारखा चालतो." जो कुणी होता तो कोण, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून मामांनी चालती चित्रं काढायचं मनावर घेतलं. भद्रकालीच्या बाजारात एक बांगडीवाले चाचा होते. ते मूकपटांची जुनी रिळं रद्दीत घेऊन त्यांचे तुकडे बांगड्यांवर बसवायचे. मामांनी त्यांच्याकडून रिळंच्या रिळं आणली. "मास्तर, ये तर बेकार माल हाय," चाचा म्हणाले, "बांगडीशिवाय कायच होत नाय त्याचं. आणि जपून, विस्तवाजवळ नका नेऊ, लय लवकर पेटते." मामींच्या पितळी घंगाळात कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा घालून मामा त्या फिती भिजवायचे आणि चिंधीने पुसून कोऱ्या करायचे. कितीतरी राजे, राण्या, राक्षस आणि ऋषी असे करडं पाणी होऊन आमच्यादेखत मोरीतून वाहून गेले. मामी म्हणाल्या, "घंगाळ तुमच्या फितीला दिलं, आता तुम्ही आंघोळीला नदीवर जा." मामांचं लक्ष नव्हतं. ते मोरीकडे बघत म्हणाले, "चांगला राजा आणि वाईट राजा, दोघांचं पाणी एकाच रंगाचं निघतं." दिवसभर ते त्या विचाराने बेचैन होते.

फीत कोरी झाली, पण दाखवायची कशावर? बोलपट आले तसे त्या तंबूवाल्यांनी नवं मशीन घेतलं, आणि एके सकाळी एका टांग्यातून हाताने फिरवायचं जुनं मशीन मामांच्या दारात येऊन उतरलं. पाठवणाऱ्याचं नाव टांगेवाल्याने सांगितलं नाही. निरोप मात्र पाठ करून आला होता: "हँडल सरळ फिरवलं का चित्र पुढं जातं, उलटं फिरवलं का मागं येतं. पण दिवा पेटला असंल तवर हात थांबवायचा नाय. थांबला का फीत जळती." मामा हात जोडून म्हणाले, "देवाने पाठवलं." मामी दारातून म्हणाल्या, "देव आजकाल मनमाडहून पाठवतो वाटतं." मामांनी ते ऐकलं नाही. त्यांना जे ऐकायचं नसे ते ऐकू न येण्याची त्यांची शक्ती अफाट होती.

पहिलं जोडपं देवाच्या बागेतून बाहेर कसं हाकललं गेलं, ही गोष्ट त्यांनी निवडली. ओसरीवर पाट मांडून, एका डोळ्याला भिंग लावून, बारीक निबेने नखाएवढ्या एकेका चौकटीत ते चित्र काढत बसायचे. मागच्या चौकटीपेक्षा पुढच्या चौकटीत पाऊल केसभर पुढे. दिवसभर मान मोडून काढलेलं काम पडद्यावर शिंक येईपर्यंत संपायचं. बाग अर्थातच पेरूची. पाळकसाहेबांनी सफरचंदाची आठवण करून दिली तर म्हणाले, "सफरचंद शास्त्रात कुठे लिहिलंय ते दाखवा, काढतो." त्या जोडप्याच्या अंगावर कपडे नसणार, ही अडचण त्यांनी एक झुडूप काढून सोडवली, पण जोडपं चालायला लागलं की झुडूपही बरोबर चालायचं. साप मात्र झकास जमला. एक वळणदार रेघ, बस, आणि तो इतका डौलात गवतातून यायचा की बघत राहावं. मामा त्याच्यावर फार नाराज होते. "वाईटाला एक रेघ पुरते," ते म्हणायचे, "चांगल्याला हातपाय काढावे लागतात, आणि तरी तो लाकडासारखाच दिसतो. यात माझी काहीतरी चूक होते आहे."

सगळ्यात छळलं ते बागेच्या दारावर तलवार घेऊन उभ्या असणाऱ्या देवदूताने. त्याचा चेहरा काही केल्या सापडेना. मामांनी पाळकसाहेबांचा चेहरा करून पाहिला, तो फार पोटभर जेवलेला दिसला. माझा करून पाहिला, तो तलवारीलाच घाबरलेला दिसला. शेवटी काहीतरी जमलं आणि त्यांनी मामींना बोलावून भिंग दिलं. मामींनी बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "हे तर तुम्ही."

"भलतंच. देवदूताला मिशा नसतात."

"याला आहेत. आणि हे फाटकही आपलंच आहे. ती तिसरी फळी बघा, मोडकी."

मामांनी पुन्हा पाहिलं. त्या दिवशी ते बसून मिशा खरवडत होते, पण सगळ्या चौकटींतल्या खरवडणं शक्य नव्हतं, त्यामुळे पडद्यावर देवदूताला मिशा यायच्या, जायच्या, पुन्हा यायच्या. मोडकी फळी मात्र त्यांनी तशीच ठेवली.

मुलांना दाखवण्याआधी मामा घरीच तालमी घेत. रीळ एकदा दाखवून झालं की ते परत गुंडाळावं लागतं. मामा ते मशीनवरच हँडल उलटं फिरवून गुंडाळायचे, कारण तो कार्बाइडचा दिवा एकदा विझवला की पुन्हा पेटताना फार छळायचा आणि नंतर लगेच त्याच दिव्यावर काचांची चित्रंही लावून बघायची असत. पण उलटं फिरवताना ते न चुकता आपली हॅट मशीनच्या भिंगावर अडकवायचे, म्हणजे भिंतीवर काही दिसू नये. मी एकदा विचारलं, "दिसलं तर काय बिघडतं? मजा येईल." ते खरोखर चिडले. "मजा? पाप केलं आणि हँडल उलटं फिरवून पुसून टाकलं, असं मुलांना दाखवू? हे खोटं बोलणं झालं. जे झालं ते झालं." हे शेवटचं वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं ते मला आठवलं, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या मामींनाही आठवलं असावं. त्या आत निघून गेल्या.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळ ठरला. देवळाच्या आवारात सिनेमा नको, असं पाळकसाहेब म्हणाले, म्हणून मामांच्या अंगणात, घराच्या चुना दिलेल्या भिंतीवर. पाळकसाहेब मात्र स्वतःची खुर्ची घेऊन सगळ्यांच्या आधी आले. वस्तीतली झाडून सगळी मुलं पुढे मांडी घालून बसली, मागे बायाबापड्या, करंज्यांची ताटं फिरत होती. अंधार पडत असताना मला फाटकाबाहेर कुणीतरी उभं दिसलं. एस्तेर होती, कडेवर तिची मुलगी. माझ्या बायकोनेच तिला निरोप धाडला होता. बायको तिच्याकडे गेली, हात धरला, पण ती म्हणाली, "बाबांनी म्हटल्याशिवाय नाही, ताई. मी इथूनच बघते." फाटक नुसतं लोटलेलं होतं. तिने त्याला हातसुद्धा लावला नव्हता. हळूहळू ते साऱ्या अंगणाला कळलं आणि जो तो कधी फाटकाकडे तर कधी मामांकडे बघू लागला. मामांनीही पाहिलं होतं. ते दिव्याची काच पुसत राहिले, ती काच तोवर चार वेळा पुसून झाली होती. त्या माणसाने एक शब्द बोलावा, यापलीकडे कुणाचीच काही मागणी नव्हती.

खेळ सुरू झाला. भिंतीवर पेरूची बाग थरथरत उभी राहिली आणि मुलांनी श्वास रोखले. चालतं झुडूप पाहून खसखस पिकली. साप आला तेव्हा तर मुलांनी टाळ्याच वाजवल्या. मामा हँडल फिरवत कळवळून ओरडले, "अरे, तो सैतानाकडचा!" मुलं आनंदाने ओरडली, "सैतानाकडचा!" आणि पुन्हा टाळ्या. बाईने पेरू खाल्ला, पुरुषाने खाल्ला, आभाळ काळं झालं, आणि लाल शाईची तलवार घेऊन देवदूत आला. त्याच्या मिशा आल्या नि गेल्या, पण कुणी हसलं नाही. ती दोघं मान खाली घालून फाटकातून बाहेर पडली, फाटक लागलं, देवदूत ताठ उभा राहिला. पुढे बसलेली एक छोटी मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "पण त्यांना आत घ्या ना!" शेवटची कोरी फीत फिरवत राहून मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मुलांनो, हा देवदूत कुणाकडचा?" एकही मूल बोललं नाही. रविवारच्या शाळेत असं कधी झालं नव्हतं.

मामांनी घाईघाईने भिंगावर हॅट अडकवली आणि हँडल उलटं फिरवायला सुरुवात केली. त्याच वेळी मामी उठल्या. गर्दीतून वाट काढत मशीनपाशी आल्या आणि त्यांनी ती हॅट काढून घेतली. मामांचा एक हात हँडलवर होता. दुसरा त्यांनी हॅटसाठी पुढे केला, तर मामींनी ती पाठीमागे धरली.

"अगं, हे खोटं आहे," मामा म्हणाले.

"असू दे. बघा."

थांबता येत नव्हतं. थांबलं तर फीत पेटणार. सबंध वर्षाचं काम जळू द्यायचं किंवा फिरवत राहायचं आणि बघायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. ते फिरवत राहिले. भिंतीवर देवदूताची तलवार खाली आली. मोडक्या फळीचं ते फाटक उघडलं. आणि लांब गेलेली ती दोघं पाठमोरी, एकेक पाऊल मागे टाकत, आत आली. देवदूत मागच्या मागे निघून गेला. आभाळ उजळलं. चावलेला पेरू पुरुषाच्या तोंडातून थोडा भरला, बाईच्या तोंडातून अख्खा झाला आणि उडी मारून फांदीवर जाऊन बसला. साप शेपटीकडून गवतात शिरला. मुलं आधी हसली, मग कसं कोण जाणे, हसायची थांबली. शेवटी झाडाखाली ती दोघं उभी राहिली, त्यांना काहीच झालं नव्हतं. मग फीत संपली आणि भिंतीवर नुसता पांढरा उजेड राहिला.

मामा त्या उजेडाकडे बघत होते. मग त्यांनी हँडल सोडलं आणि लोकांच्या पायांत अडखळत फाटकाकडे गेले. त्यांना बोडक्या डोक्याने उघड्यावर चालताना मी प्रथमच पाहत होतो. फाटकाच्या आत ते, बाहेर एस्तेर, दोघंही सारखीच ताठ आणि दोघांच्याही हनुवट्या सारख्याच वर काढलेल्या. आयुष्यभर ज्याने प्रत्येक गोष्टीला नाव दिलं त्या माणसाला त्या क्षणी एक शब्द सापडत नव्हता, आणि मला त्यांची इतकी माया वाटली की मी मान फिरवली. शेवटी त्यांनी फाटक उघडलं आणि म्हणाले, "आत ये, बाळ. पाठमोरी आलीस तरी चालेल."

एस्तेर त्यांचीच लेक. ती वळली, बापाकडे पाठ केली आणि खरोखर एकेक पाऊल मागे टाकत फाटकातून आत आली. त्यामुळे झालं काय, की तिच्या खांद्यावरून मागे बघणारी ती चिमुरडी मामांच्या थेट तोंडासमोर आली. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं. पोरीने थोडा विचार केला आणि त्यांची मिशी धरली. सगळं अंगण हसत होतं आणि पदराने डोळे पुसत होतं. पाळकसाहेबांनी खुर्चीतून उठून प्रार्थना सुरू केली, पण ती कुणाला ऐकू गेली नाही.

जावई आले ते चार दिवसांनी. मामांनी त्यांना सलाम केला आणि पहिलंच वाक्य बोलले, "तुमच्या पडद्यावर चित्र थरथरत नाही. माझंच का थरथरतं?" मग ते दोघं संध्याकाळपर्यंत मशीनचे स्क्रू काढत आणि लावत बसले. त्यानंतर मामांनी तो खेळ कितीतरी नाताळांना दाखवला, आणि प्रत्येक वेळी दोनदा: आधी सरळ, मग उलटा. हॅट डोक्यावरच राहायची. वाटणीचं काम त्यांनी सोडलं नाही. द्राक्षं शेवटपर्यंत संशयितच राहिली. पण सैतानाची यादी सांगताना ते मधेच थांबायचे, नात मांडीवर असली तर तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "याचा निकाल राखून ठेवू या." तशी राखून ठेवलेल्या निकालांची संख्या म्हातारपणी फार वाढली होती.

आता मामा नाहीत, मामी नाहीत. ते मशीन गंजलं आणि फीत तर केव्हाच चिकट होऊन तिचा भुगा झाला. एस्तेरने त्यातून वाचलेला बोटभर तुकडा मला दिला, तो माझ्याकडे आहे. खिडकीपाशी उजेडात धरला की नखाएवढ्या चौकटीत मोडक्या फळीचं ते फाटक दिसतं, अर्धवट उघडं, आणि त्याच्यापाशी पाठमोरी दोन छोटी माणसं. फाटक लागतंय की उघडतंय, माणसं बाहेर चालली आहेत की आत येताहेत, हे एवढ्याशा तुकड्यावरून सांगता येत नाही. मी पुष्कळदा बघतो. ती आत येताहेत, असंच मी धरून चालतो.